सुरी, विळी, कोयती : आगोटीआधीचे प्रश्न

या वेळी स्वयंपाकघरातल्या पोलादी हत्यारांबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची आली आणि निम्म्याहून अधिक पत्रांत तक्रार गंजाची होती. उत्तरांआधी एक खुलासा. बाजारात ‘कार्बन स्टील’ म्हणतात ते साधारण ०.६ ते १.२ टक्के कार्बन असलेलं पोलाद. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, ते गंजाला अडवतं. कार्बन स्टीलमध्ये ते नसतं किंवा नावापुरतं असतं. म्हणून ते गंजतं. पण दगडावर लवकर धार घेतं, आणि पाणी नीट दिलेलं (म्हणजे लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक केलेलं) असेल तर ती टिकवतंही.

लोहाराकडून सुरी करून घ्यायची की दुकानातून आणायची, ठरत नाही. दुकानदार कार्बन स्टील म्हणून दाखवतो त्याला चुंबक चिकटतो. म्हणजे माल अस्सल समजायचा का? (एक वाचिका, गुहागर)

चुंबकावर जाऊ नका. सुऱ्यांसाठी वापरतात ते स्टेनलेससुद्धा बहुतेक चुंबकाला चिकटतं. साधी परीक्षा लिंबाची. पातं साबणाने धुऊन तेलकटपणा काढा, मुठीजवळ लिंबाच्या रसाचा एक थेंब ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. कार्बन स्टीलवर राखाडी डाग उमटतो, स्टेनलेस होतं तसंच राहतं. दुकानदार करू देत नसेल तर घरी आणल्यावर करा, पण बदलून देण्याचं आधी कबूल करून घ्या. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ वापरू नका. त्यात मीठ असतं, आणि मिठाने डागाऐवजी खड्डा पडतो.

पोलाद कळलं तरी त्याला पाणी नीट दिलंय का, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडचे लोहार बहुतेक ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे वापरतात. ते पोलाद चांगलं, चिवट. काही जण जुन्या कानशीपासून सुरी करतात. तिच्यात कार्बन जास्त, त्यामुळे धार अधिक टिकते, पण पातं ठिसूळ राहण्याचा धोकाही जास्त. पाणी तपासायला बारीक दातांची कानस धारेच्या टोकाशी हलकेच ओढून बघा. कानस घसरत गेली तर पातं कडक आहे. लोण्यात शिरल्यासारखी रुतली तर ते मऊ आहे, आणि रोज सकाळी धार लावायची तयारी असेल तरच घ्या.

मग मापं. भाजीसाठी १५ ते १८ सेंटिमीटरचं पातं पुरे. पाठीला जाडी २ ते २.५ मिमी असावी, आणि धारेच्या जरा वर चिमटीत धरल्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाणवावी. लोहाराच्या सुऱ्या इथेच हमखास फसतात. धार असते, पण तिच्यामागे पातं इतकं जाड की गाजर कापलं न जाता फुटतं. करून घेतानाच ‘पाठीपासून धारेपर्यंत उतरतं घास’ असं सांगा. पातं डोळ्यासमोर आडवं धरून धारेची रेघ सरळ आहे का पाहा. मूठ सागाची किंवा शिसवीची असावी, आणि पात्याचा मुठीत जाणारा भाग निदान मुठीच्या अर्ध्यापर्यंत गेलेला असावा. पातं आणि मूठ यांच्या मधल्या फटीत नख जात असेल तर तिथे पाणी जाणारच. ती फट राळ किंवा मेण वितळवून तेव्हाच बुजवून टाका.

आमचं मत विचाराल तर ओळखीचा, हाताने पाणी देणारा लोहार असेल तर त्याच्याकडूनच घ्या. वर्षा-दोन वर्षांनी धार बसली की तोच ती पुन्हा काढून देतो.

बांगडा, कोळंबी, सुरमई, मुशी सगळ्याला एकच सुरी चालेल का? (हर्णे)

नाही. पातळ सुरीने बांगडे साफ होतात, सुरमईचे मऊ तुकडे निघतात, पण मधल्या काट्यावर ती आपटली की धार दुमडते किंवा तिचा कपचा उडतो. काटा आणि डोकं यांच्यासाठी ४ ते ५ मिमी पाठीची लहान कोयती ठेवा. तिची धार जाड असू दे, प्रत्येक बाजूला २५ अंशांच्या आसपास. खवले मात्र दोन्हींनी काढू नका. धार आडवी घासली की ती एका बाजूला कलते. खवले सुरीच्या पाठीने काढा किंवा वेगळी खरवडणी ठेवा.

खारवलेली मासळी आणि सुके बोंबील कापायला स्टेनलेस वापरा. त्यात कमीपणा काही नाही.

कार्बन स्टीलच्या सुरीने केळफूल, कच्चा फणस, कैरी कापली की फोडी काळ्या पडतात. सुरीही काळी झाली आहे. मी ती रोज राखेने घासून चकचकीत करते. सासूबाई म्हणतात, काळी झाली तर होऊ दे. बरोबर कोण? (वेंगुर्ले)

सासूबाई.

केळफूल, कच्चं केळं, फणस यांत टॅनिनसारखी तुरट द्रव्यं असतात. ती उघड्या लोखंडाला भेटली की निळसर काळा रंग तयार होतो. कैरीत आम्ल असतं, ते पात्यावरचं लोखंड किंचित विरघळवतं. हे पोटात गेल्याने अपाय होत नाही. पण कोशिंबिरीला लोखंडाची चव लागते, ती कुणालाच नको असते.

तुम्ही रोज घासता म्हणजे रोज नवं, उघडं लोखंड वर आणता. त्यामुळे फोडी रोज काळ्या पडतात. न घासता वापरत राहिलात तर दोन-तीन आठवड्यांत पात्यावर राखाडी, निळसर, कुठे तपकिरी असा घट्ट थर बसतो. तो बसला की लोखंड अन्नात कमी उतरतं आणि लाल गंजही उशिरा धरतो. रंग सारखा येत नाही. कांद्याचा वेगळा येतो, मटणाचा वेगळा. तो सारखा करायच्या मागे लागू नका.

हा थर लवकर हवा असेल तर चहाचा उपाय आहे. अर्धा लिटर पाण्यात चार चमचे चहापूड दहा मिनिटं उकळा, गाळा, कोमट झाल्यावर दोन चमचे साधं व्हिनेगर घाला. पातं आधी साबणाने धुऊन पूर्ण तेलरहित करा. बोटाचा ठसा राहिला तर तो तसाच्या तसा उमटतो. उंच पेल्यात फक्त पातं बुडेल असं उभं ठेवा, मूठ बाहेर. अर्ध्या तासाने काढा, धुवा, पुसा, रंग बघा. हवं तर आणखी अर्धा तास ठेवा. रात्रभर ठेवू नका. आम्ल धार खातं आणि पातं खरखरीत होतं. शेवटी धुऊन तेलाचा हात.

काळा थर आणि गंज यांत घोळ होऊ नये म्हणून पांढऱ्या फडक्यावर थोडं तेल घेऊन पातं पुसा. फडकं लाल-नारिंगी झालं तर गंज. पात्याचा रंग काळा राहून फडकं जवळजवळ स्वच्छ निघालं तर थर, त्याला हात लावू नका.

केळफूल कापायला बसताना हाताला लावता तसंच पात्यालाही खोबरेल लावा. फणसाचा चीक चिकटलाच तर पाण्याने जात नाही. पुन्हा खोबरेल लावून फडक्याने ओढा, मग साबण. पितळेची भांडी चिंच-मिठाने घासायची सवय असते, तो हात सुरीवर फिरवू नका. आम्ल आणि मीठ एकत्र म्हणजे गंजाला आमंत्रणच.

खोबरेल तेल लावूनही दर पावसाळ्यात सुरी गंजते. तेल बदलू का? (रत्नागिरी)

तेल बदलण्याआधी ते कशावर लावता ते बघा. ओलसर पात्यावर तेल लावलं तर पाणी तेलाखाली अडकतं आणि गंज आतून धरतो. खारट वाऱ्यातला मिठाचा थर पात्यावर असेल तर तेही तसंच. हे मीठ हवेतला ओलावा स्वतःकडे ओढतं. म्हणून आषाढात सुरी वापरली नाही तरी गंजते.

क्रम असा ठेवा. कापून झालं की लगेच धुवा, ‘जेवल्यावर एकदम’ नको. कैरी, लिंबू, कांदा, मासे यांच्यामध्ये ओल्या फडक्याने पुसत राहा. शेवटी शक्य असेल तर गरम पाण्याने विसळा, कारण गरम झालेल्या पात्यावरचं उरलंसुरलं पाणी आपोआप उडतं. मग सुक्या सुती फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसा, आणि मुठीच्या सांध्याशी एकदा दाबून पुसा. गंज तिथून सुरू होतो. दहा मिनिटं उघड्यावर ठेवा. त्यानंतर तेल.

गॅसच्या ज्योतीवर धरून सुकवणं मात्र बंद करा. पाठ गरम व्हायच्या आत पातळ धार २०० अंशांपुढे जाते आणि मऊ पडते.

तेल किती? १८ सेंटिमीटरच्या पात्याला दोन-तीन थेंब. चोळा आणि मग बहुतेक पुसून काढा. ओघळ दिसला तर जास्त झालं. खोबरेल रोजच्या वापराला चांगलं, ते चटकन चिकट होत नाही. सूर्यफूल, करडई, जवस यांची तेलं हवेने घट्ट होऊन गोंदासारखी बसतात, आणि तो चिकटा काढायला पुन्हा घासावं लागतं. महिनाभर हात लागणार नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन वापरा, ते खवट होत नाही.

स्टीलच्या सिंकमध्ये सुरी पाण्यात पडून राहू देऊ नका. स्टेनलेसला टेकलेलं साधं पोलाद ओलं असताना दोन धातूंचं विजेरीसारखं काम सुरू होतं, त्यात झिजतं ते साधं पोलाद. भांडी खारट असली तर आणखी वेगाने.

आता धरलेला गंज. नुसता लाल भुरका असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जाडसर लेप करा, पात्याला लावून पंधरा मिनिटांनी बाटलीच्या बुचाने लांबीच्या दिशेने घासा. जिद्दी ठिपक्यांना ६०० नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, तोही ओला करून आणि एकाच दिशेने. खूपच गंजली असेल तर पातं साध्या व्हिनेगरमध्ये वीस-तीस मिनिटं ठेवा, मग ब्रशने घासा, सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा, लगेच पुसून तेल लावा. सोडा विसरलात तर दहा मिनिटांत पुन्हा नारिंगी पातं दिसेल. धारेवरच खड्डे पडले असतील तर ते दगडावर झिजवूनच जातात. पात्याच्या अंगावरचे खड्डे राहिले तरी कापण्यात फरक पडत नाही.

दारावर आलेल्या धारवाल्याने चाकावर धार लावून दिली. दोन दिवस सुरी छान चालली, आता टोमॅटोही कापत नाही. धारेला निळसर झाक आहे. (दापोली)

ती झाक म्हणजे भाजल्याची खूण. कोरड्या एमरी चाकावर पात्याची कड क्षणात तापते. पोलादाचा रंग साधारण २२०–२३० अंशांना गवती पिवळा होतो आणि ३०० च्या आसपास निळा. सुरीचं पोलाद कडक करून पुन्हा तापवताना पिवळ्यावर थांबवतात. निळ्यापर्यंत गेलं की कडकपणा उतरतो. तो भाग आता स्प्रिंगसारखा आहे, कितीही घासला तरी धार दोन दिवसांचीच.

निळा पट्टा एक-दोन मिमी असेल तर पाण्याच्या दगडावर तेवढा झिजवून काढा, खालचं पोलाद शाबूत असतं. त्याहून रुंद असेल तर लोहाराकडे नेऊन पुन्हा पाणी द्यायला सांगा. त्यासाठी पातं लालभडक करतात. चुंबक चिकटायचा थांबतो तो बिंदू ७७० अंशांचा, त्याच्या थोडं पुढे न्यायचं आणि बुडवायचं. स्प्रिंगच्या पाट्याचं पातं असेल तर तेलात बुडवायला सांगा. पाण्यात ते तडकू शकतं.

यापुढे धारवाल्याला चाकावर पाणी सोडत लावायला सांगा, किंवा प्रत्येक फेरीनंतर पातं पाण्यात बुडवायला लावा. नाही म्हणाला तर त्याला कात्र्या द्या, सुरी देऊ नका.

दगड आणला आहे, पण सुरी आणखीच बोथट होते. कोन कसा राखायचा? (अलिबाग)

बहुतेकांचा कोन प्रत्येक ओढीला बदलतो, धार गोल होते आणि ‘दगड वाईट’ असा निकाल लागतो. कोन डोळ्याने नाही, उंचीने मोजा. पातं ४५ मिमी रुंद असेल आणि पाठ दगडापासून १२ मिमी वर असेल तर तो सुमारे १५ अंश. १५ मिमी वर असेल तर २० अंश. भाजीच्या सुरीला १५ ते १८, स्प्रिंगच्या पाट्याच्या जरा मऊ सुरीला २० ठेवा. पाठीखाली तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा धरून हाताला उंची ओळखीची करून घ्या, मग तुकडा काढा. आणि धारेचा कडेला असलेला पट्टा मार्कर पेनने काळा करा. दोन-चार ओढींनंतर पट्ट्याच्या पूर्ण रुंदीवरची शाई अगदी टोकापर्यंत गेली तर कोन बरोबर. वरचीच गेली तर पाठ फार खाली आहे, टोकाशी अरुंद रेघ तेवढी गेली तर फार वर.

दगड ४०० आणि १००० नंबरच्या दोन बाजूंचा पुरे (नंबर मोठा तितका दगड बारीक). पाण्यात दहा मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही. धार पार गेली असेल तर ४०० पासून, नाहीतर थेट १००० वर. एकच बाजू घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला धारेच्या संपूर्ण लांबीभर केसाएवढी खरखरीत कड बोटाला लागत नाही. बोट धारेच्या दिशेने नाही, पाठीकडून धारेबाहेर सरकवा. ही कड टोकापासून मुठीपर्यंत आली नाही तोवर बाजू बदलू नका. घाई इथेच नडते. मग दुसरी बाजू तशीच. नंतर दाब कमी करत बाजू आलटून पालटून पाच, तीन, एक अशा ओढी द्या. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, धार मागे ठेवून, प्रत्येक बाजूने दहा वेळा ओढा. खरखरीत कड राहिली तर सुरी पहिल्या दिवशी कमालीची चालते आणि दुसऱ्या दिवशी ती कड दुमडून बोथट होते.

दगडावर मधोमध खोलगट झालं की कोन सांभाळणं अशक्य. सपाट फरशीच्या तुकड्यावर १२० नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ठेवून दगड त्यावर घासून सपाट करा. दगडावरची राखाडी लगदी काम करत असते, ती सारखी धुऊ नका. पण काम संपल्यावर सुरी ताबडतोब धुऊन पुसा. नुकतंच उघडं पडलेलं पोलाद सगळ्यात आधी गंजतं, आणि गंजाची सुरुवात धारेच्या टोकाशी झाली तर तुमची तासाभराची मेहनत रातोरात जाते.

धार टिकवायची तर ग्रॅनाइटच्या ओट्यावर, काचेच्या पाटीवर, ताटात कापू नका. लाकडी पाट चिंचेचा असेल तर उत्तम, खाटीक तोच ठोकळा वापरतात तो काही उगीच नाही.

जावयांनी जपानहून सुरी आणली. सुरमईच्या काट्यावर तिचे तीन कपचे उडाले. वस्तूच खराब होती का? (मालवण)

वस्तू चांगली, काम चुकीचं. जपानी कार्बन स्टीलच्या सुऱ्या सहसा ६० ते ६३ रॉकवेल (हे कडकपणाचं माप) कडक ठेवतात, युरोपी धाटणीच्या ५६–५८ च्या आसपास. कडक पोलाद पातळ धार घेतं, पण वाकण्याऐवजी तुटतं. शिरोगामी नावाच्या पोलादाच्या क्रमांक २ मध्ये कार्बन १.०५ ते १.१५ टक्के असतो. काट्यावर पिळलं की कपचा जाणारच. काट्यांसाठी तिकडेही जाड पाठीची ‘देबा’ वेगळी असते.

कपचे एक मिमीपर्यंत असतील तर घरी जातात. ४०० च्या दगडावर पातं ४५ अंशांत धरून धारेची रेघ मागे न्या, कपचे दिसेनासे होईपर्यंत. मग वर सांगितल्याप्रमाणे नवा कोन बसवा. दातेरी सळईवर ही सुरी घासू नका, आणखी कपचे उडतील. पातं एकाच बाजूने उतरतं असेल तर सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून दोन-तीन हलक्या ओढी, बस. तिला कोन देऊ नका. पात्यावर लाटेसारखी रेघ दिसत असेल तर दोन्ही अंगांना मऊ लोखंडाचा थर असण्याची शक्यता आहे. तो थर धारेआधी गंजतो, तेव्हा पुसताना पूर्ण पातं पुसा.

आजीचा आडाळो (विळी) गावच्या घरी आहे. घर गणपतीनंतर बंद होतं ते थेट मे महिन्यात उघडतं. दर वर्षी पातं लाल, खवणीचे दात बोथट आणि पातं पाटात डुगडुगतं. (मूळ कुडाळचे, मुक्काम मुंबई)

डुगडुगण्यापासून सुरुवात करा, कारण गंजाचं मूळ तिथेच आहे. पातं पाटात शिरतं त्या खाचेत माशाचं पाणी मुरतं, लाकूड फुगतं-आकसतं आणि खाच मोठी होते. पातं निघत असेल तर काढा, खाचेतला भाग पॉलिश पेपरने साफ करा, पाट दोन दिवस सावलीत वाळवा. उन्हात वाळवला तर चिरतो. मग पातं बसवून फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाची पातळ पाचर ठोका आणि वरून वितळवलेलं मेण ओता. खिळे ठोकून बसवू नका, खिळ्याभोवती लाकूड आधी कुजतं.

विळीला धार लावताना पातं दगडाकडे नेता येत नाही, तेव्हा दगड पात्याकडे न्या. १००० चा लहान तुकडा ओला करून, आहे त्याच उतारावर टेकवून, खालून वर फिरवा. पाटावर पाय घट्ट, आणि दगड धरलेली बोटं धारेच्या रेघेमागे. खवणीच्या दातांना तिकोनी बारीक कानस, प्रत्येक दाताच्या खाचेत दोन-तीन ओढी, सगळ्या दातांना सारख्या. टोकं घासू नका, खाचा घासा. टोक घासलं तर दात आखूड होऊन खोबऱ्याऐवजी करवंटी खरवडते.

घर बंद करायच्या आदल्या दिवशी, निघायच्या घाईत नव्हे, विळी साबणाने धुवा, गोड्या पाण्याने दोनदा विसळा, रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी पात्याला आणि खवणीला लिक्विड पॅराफिन किंवा व्हॅसलिनचा पातळ, अखंड थर द्या. दातांच्या खाचांत जुन्या टूथब्रशने लावा. खोबरेल इतके महिने टिकत नाही. पात्याला बटर पेपर गुंडाळून सुतळीने बांधा. प्लास्टिकची पिशवी घालू नका, दिवसा तापून रात्री निवताना तिच्या आत पाणी सुटतं. वर्तमानपत्रही नको, ते दमट हवेत ओलं होऊन पात्याला चिकटून राहतं. जमिनीवर किंवा मोरीजवळ न ठेवता माळ्यावर ठेवा, मिठाच्या बरणीपासून दूर. मे महिन्यात उघडल्यावर गरम साबणाच्या पाण्याने थर धुऊन काढा, आणि पहिल्यांदा कांदा चिरून तो टाकून द्या.